दापोलीची थंडी आणि बाहेर काढलेली खिडकी : या चुका टाळा

कोकणात कसली आली थंडी, असे म्हणणाऱ्याने जानेवारीत दापोलीला एक रात्र काढावी. समुद्र जवळ असला तरी गाव पठारावर आहे. आभाळ निरभ्र असले की जमीन भराभर निवते, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटतो आणि पहाटे पारा कधीकधी १० अंशांपर्यंत उतरतो. जांभ्याच्या जाड भिंती आणि लहान खिडक्या असलेल्या जुन्या घरांत हे फारसे जाणवत नसे. आता नव्या बंगल्यात बे-विंडो, म्हणजे भिंतीबाहेर काढलेली खिडकी, हवीच असते. आम्हीही ती केली, आणि त्या खोलीत झोपणाऱ्या आईला दोन गोधड्या पुरेनात.

खोली गार का पडते हे न पाहता हीटर आणणे ही सर्रास होणारी चूक आहे. या खिडकीला तीन बाजूंनी एकपदरी काच असते, शिवाय कट्टा आणि माथा भिंतीबाहेर आलेला असल्याने त्यांनाही खालून-वरून वारा लागतो. काचेलगतची हवा गार होऊन जड होते, कट्ट्यावरून ओघळते आणि जमिनीवर पसरते. पाय गारठतात ते त्यामुळे. २००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट वीज घेतो आणि जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचेच सॉकेट लागते. फटी तशाच ठेवून तो रात्रभर चालवणे म्हणजे अंगण तापवणे होय. कोळशाची शेगडी तर बंद खोलीत कधीही नेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे. पहाटे उदबत्ती पेटवून मी ती चौकटीच्या कडेने फिरवली, तेव्हा स्लायडिंगच्या खालच्या पट्टीतील भोकांपाशी धूर आत वळताना दिसला. मी उत्साहाने ती सगळी भोके सिलिकॉनने बुजवली आणि खोली खरोखरच उबदार झाली. ती भोके पाणी बाहेर जाण्यासाठी असतात, हे मला जूनमध्ये कळले. आमची खिडकी पूर्वेकडे असली तरी तिची एक बाजू दक्षिणेला आहे. नैर्ऋत्येचा पाऊस तिथे झोडपू लागला, पट्टी पन्हळीसारखी भरली आणि पाणी कट्ट्यावरून आत वाहिले. कट्ट्यावरची कापसाची गादी इतके पाणी प्यायली की ती उचलायला दोन माणसे लागली आणि श्रावण संपेपर्यंत तिचा कुबट वास गेला नाही. वाळलेले सिलिकॉन सुईने उकरून काढण्यात माझे दोन दिवस गेले. आता दत्तजयंतीच्या सुमारास मी त्या भोकांत स्पंजचे तुकडे खोचतो आणि शिमग्याला आठवणीने काढतो. सिलिकॉन फक्त चौकट आणि भिंत यांच्यामधील फटीत भरावे. पल्ल्यांच्या कडेची केसाळ पट्टी झिजली असेल तर ती बदलावी. काम किचकट आहे, पण ज्यांना अर्ध्या तासात सगळे उरकायचे असते त्यांनी चिकटपट्ट्या लावून पुढच्या हिवाळ्यात पुन्हा कुडकुडावे.

कट्ट्यापर्यंतच येणारा आखूड पडदा निरुपयोगी आहे, कारण गार हवा त्याच्याखालून निसटते. खिडकीचा कोनाडा जिथे खोलीला मिळतो तिथे, भिंतीपासून भिंतीपर्यंत, जमिनीला टेकणारा जाड पडदा लावावा. तो सूर्यास्तापूर्वी ओढावा आणि काचेवर ऊन आले की उघडावा. मात्र पडद्यामागे काचेला दव धरते. सकाळी ते पुसून पंधरा मिनिटे पल्ले उघडे ठेवले नाहीत तर कोपऱ्यात बुरशी येते.

राहिली खाट. देखावा दिसावा म्हणून ती खिडकीला चिकटवून ठेवलेली बहुतेक घरांत दिसते, आमच्याकडेही होती. आईची खाट आतल्या भिंतीशी हलवली, त्या रात्री दुसरी गोधडी पायाशी घडी केलेलीच राहिली.