आकडा चुकतोय? क्वेरीला दोष देण्याआधी हे तपासा

समजा, उसाच्या काटा पावत्यांचा तक्ता आहे. गाव 'येळ्ळूर' दिलं की 40 पावत्या येतात, पण सगळा तक्ता चाळला तर 43 भरतात. एरर कुठेच नाही. शेतकऱ्याचं बिल अडकतं ते अशाच तीन पावत्यांपायी.

डेटाबेसची प्रत काढा, पुढचं सगळं प्रतीवरच.

'क्वेरी वेगळी लिहून बघा' हा सल्ला मानू नका. लिहिण्याची पद्धत बदलली की प्लॅन (डेटाबेस ओळी कोणत्या वाटेने शोधतो ते) बदलू शकतो, आकडा जुळतो आणि दोष आत तसाच राहतो. अट तीच ठेवा, फक्त तिची जागा हलवा. आधी काउंट(*) घ्या, 'व्हेअर गाव = येळ्ळूर' लावून. मग व्हेअर काढून टाका आणि तीच अट सिलेक्टमध्ये आणा: सम(केस व्हेन गाव = 'येळ्ळूर' देन 1 एल्स 0 एंड). आता प्रत्येक ओळ तपासावीच लागते, ऑप्टिमायझरला (ही वाट निवडणाऱ्या भागाला) अट इंडेक्सकडे (झटपट शोधासाठी ठेवलेल्या क्रमवार सूचीकडे) ढकलायला वाव राहत नाही. आकडे जुळले तर चूक तुमच्या जॉइनमध्ये किंवा अटीत शोधा. 'नॉट इन'च्या यादीत एखादा नल (न भरलेली किंमत) शिरला की एकही ओळ येत नाही, तो नियमच आहे. लिमिट लावून तुलना तर मुळीच नको.

आकडे वेगळे आले तर एक्सप्लेन (क्वेरीचा प्लॅन दाखवणारी आज्ञा) चालवून बघा. पोस्टग्रेसमध्ये एनेबल_इंडेक्सस्कॅन ऑफ करून थांबू नका. तोच बिघडलेला इंडेक्स बिटमॅप स्कॅनमधून परत वापरला जातो, म्हणून एनेबल_बिटमॅपस्कॅनही ऑफ करा. मायएसक्यूएलमध्ये ऑप्टिमायझर_स्विचमधले पर्याय एकेक करून बंद करत जा.

पोस्टग्रेसमध्ये ते दोन्ही स्कॅन बंद केल्यावर आकडा बरोबर आला तर संशय इंडेक्सवर. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे गावांची, माणसांची नावं मराठीत आणि कन्नडमध्येही भरलेली असतात, त्यामुळे पहिला प्रश्न हाच: मधे ऑपरेटिंग सिस्टिम बदलली का? ग्लिबसी म्हणजे लिनक्सची मूळ लायब्ररी, पोस्टग्रेस अक्षरांचा क्रम सहसा तिच्याकडूनच घेतं; तिच्या 2.28 (2018) मध्ये अक्षरांचा क्रम बदलला. उबुंटू 18.04 वरचा डेटा तसाच उचलून 20.04 वर आणला, तर जुना इंडेक्स जुन्याच क्रमात राहतो आणि शोध भलत्या फांदीत जातो. अंकांच्या कॉलमला हा धोका नाही.

अॅमचेक या पोस्टग्रेसच्या इंडेक्स तपासणाऱ्या जोडणीतलं बीटी_इंडेक्स_चेक चालवा. तक्रार आली तर रीइंडेक्स करा, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधा. युनिक (दुबार नोंद न चालणारा) इंडेक्स अडला तर मधल्या काळात दुबार नोंदी घुसल्या आहेत, त्या आधी हाताने निस्तरा. तक्रार आली नाही तर त्याच आवृत्तीचं ताजं मायनर अपडेट टाकून दोन्ही आकडे पुन्हा मोजा.