भुसावळच्या उन्हात मावळा रंगवायचा तर

यूट्यूबवर मिनिएचर, म्हणजे बोटाएवढ्या छोट्या मूर्ती, रंगवायचे जेवढे व्हिडिओ आहेत ना, ते बहुतेक थंड देशातल्या लोकांनी केलेत, हे आधी डोक्यात घ्या. तो गडी आरामात बोलत बोलत रंग लावतो आणि इथं मे महिन्यात ४५ डिग्रीला रंग ब्रशवरून पीसवर जाईपर्यंतच वाळतो. माझे पहिले चार मावळे असेच गेले, तोंडावर नुसत्या गाठी. मला वाटलं आपला हातच जड आहे, पण हाताचं काही नव्हतं भो, हवेचं होतं.

मी २८ मिलिमीटरवाले पीस रंगवतो, म्हणजे तळव्यापासून डोळ्यापर्यंत तेवढी उंची, तोंड तुरीच्या डाळीएवढं. प्लास्टिकचा असो की रेझिनचा, आधी कोमट पाण्यात भांड्याचा साबण टाकून जुन्या टूथब्रशने धुवा, नाहीतर अंगावरच्या तेलकटपणाने रंग नंतर सोलून निघतो. जोडाच्या रेघा कटरने हलक्या हाताने खरवडायच्या. रेझिन घासायचं असेल तर ओलं करूनच घासा आणि मास्क लावा, ती पूड छातीत नको. मग औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर डबल टेपने पीस चिकटवा, धरायची ती बाटली, मावळ्याला बोट लावायचं नाही.

प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधीचा पहिला थर, त्याला गाड्यांना मारतात तो ग्रे स्प्रे चालतो. पण दुपारी गच्चीवर जाऊन मारू नका, फवारा हवेतच वाळतो आणि पीसवर रवा सांडल्यासारखं खरखरीत होतं. सकाळी सहाला मारा, वीसेक सेंटीमीटरवरून, झर्रकन हात फिरवत. आणि पावसाळ्यात हवा दमट असेल त्या दिवशी तर डबा हातातच घेऊ नका, पांढुरका थर येतो.

आता खरी गोष्ट, वेट पॅलेट. विकत घ्यायची काही गरज नाही, मिठाईचा चपटा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात भांडी पुसायचा पातळ स्पंज भिजवून ठेवा आणि वर बेकिंगचा बटर पेपर. ड्रॉइंगवाला बटर पेपर घेऊ नका, तो गुंडाळी होऊन वर येतो, आणि मेणाचा कागद तर पाणी वर येऊच देत नाही. रंग त्या कागदावर काढला की खालून ओल मिळत राहते, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीसुद्धा चालतो. हे केल्यावर माझं अर्धं दुखणं गेलं. उरलेलं अर्धं कूलरचं होतं, मी त्याच्या झोताच्या समोरच बसायचो! कूलर चालू ठेवा पण झोत पाठीकडून नका घेऊ आणि तोंडाकडून पण नका घेऊ, टेबल बाजूला सरकवा.

ब्रशचं पण तसंच. नवीन माणूस दुकानात जाऊन तीन शून्यवाला घेतो, बारीक काम म्हणून. त्यात रंग मावतो किती? टोकावरच वाळून बसतो. एक नंबरचा घ्या, फक्त टोक चांगलं पाहिजे, आणि अर्ध्याच केसांपर्यंत बुडवा, केस धरणाऱ्या पत्र्यात रंग गेला की टोक फुटलंच समजा.

अ‍ॅक्रिलिक साधे ट्यूबमधले पण चालतात, पाणी घालून दुधासारखे पातळ करायचे. पहिला हात दिला की खालचा ग्रे दिसतो, तेव्हा घाबरून जाडा थर मारू नका, वाळू द्या आणि दुसरा हात द्या. इथं आपल्या उन्हाचा फायदा पण आहे बरं का, दोन मिनिटात पुढचा हात मारायला मोकळे.

आतून बाहेर या, म्हणजे आधी कातडी, मग अंगरखा, मग शेला, पट्टे, शेवटी तलवार. पांढरा अंगरखा थेट पांढऱ्याने रंगवला की खडूसारखा दिसतो. आधी फिकट मातकट रंग द्या, मग चुण्यांत एकदम पाणीदार तपकिरी सोडा, आणि पांढरा फक्त खांद्यावर, गुडघ्यावर, चुणीच्या उंच भागावर. ढाल काळपट तपकिरी आणि तिच्यावरची चार फुलं पितळी. तलवारीला ड्रायब्रश करा, म्हणजे ब्रशवर चंदेरी घेऊन जुन्या पेपरवर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला नुसता धारेवरून फिरवायचा. डोळ्यांचा नाद सुरुवातीला सोडा, पांढरं आणि काळं टिंब दिलं की मावळा भूत बघितल्यासारखा दिसतो, एक गडद रेघ पुरे. शेवटी मॅट व्हार्निश, ब्रशने लावायचं.

बेसला मी हौसेने वावरातली खरी काळी माती फेविकॉलमध्ये कालवून लावली होती. दोन दिवसात माती आवळली, भेगा पडल्या आणि त्या भेगेबरोबर मावळ्याचा एक पाय घोट्यापासून उचलला गेला. त्यापेक्षा तापीची वाळू चहाच्या गाळणीने चाळून घ्या, फेविकॉलवर भुरभुरा, वाळली की काळपट तपकिरी रंगवा आणि वरून फिकट राखाडी ड्रायब्रश. सुकलेलं गवत पाहिजे तर कूलरचं जुनं गवत कात्रीने बारीक कापा. तो लंगडा मावळा अजून टीव्हीवर उभा आहे, भेगा मी तशाच ठेवल्या, एप्रिलमधलं वावर अगदी तसंच दिसतं.