पुण्याजवळ स्वस्त वन आरके शोधताना या चुका टाळा

पुण्यातील भाडे परवडेनासे झाले की एकटे राहणारे नोकरदार तळेगाव दाभाडे, चाकण किंवा सासवडला वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर असलेले घर, शोधू लागतात. हा निर्णय बहुतेक वेळा योग्यच असतो. मात्र दरमहा वाचणारे दोन-तीन हजार रुपये पुढे भलत्याच वाटांनी निघून जातात, कारण घर निवडताना केवळ भाड्याचा आकडा पाहिलेला असतो.

पहिली चूक प्रवासाची. तळेगाव पुणे–लोणावळा लोकलच्या मार्गावर आहे, चाकणला मात्र रेल्वे नाही. तळेगावात राहून चाकणच्या कंपनीत जाणाऱ्याला तळेगाव–चाकण रस्त्यावरची कोंडी रोज सोसावी लागते, तर सासवडहून पुण्याला येणाऱ्याला दिवे घाट उतरावा लागतो. त्यामुळे घर पाहायला रविवारी दुपारी न जाता कामाच्या दिवशी, कामावर जाण्याच्याच वेळी तो प्रवास एकदा करून पाहावा.

घर न पाहता टोकन देऊ नये. ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, क्यूआर कोड पाठवतो, पैसे लगेच परत येतील’ असे सांगणारा माणूस हमखास फसवतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. समोरची व्यक्ती खरोखर मालक आहे का, हे सदनिकेच्या बाबतीत इंडेक्स टूवरून, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीच्या उताऱ्यावरून, पाहावे. गावठाणातील घर असेल तर घरपट्टीची पावती आणि वीजबिलावरील नाव ताडून पाहावे.

खोली पाहताना नव्या रंगावर भाळू नये. तळेगाव ज्या मावळ भागात येते, तेथे पाऊस पुण्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो, त्यामुळे वरच्या मजल्यावरील छताचे कोपरे, खिडकीखालची भिंत आणि मोरीला लागून असलेला भाग हाताने चाचपून पाहावा. पोपडे सुटलेले असतील, किंवा बाकी भिंत जुनी असताना तेवढाच पट्टा नुकता रंगवलेला दिसला, तर तेथे ओल आहे असे समजावे. पाणी किती वेळ येते आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे मालकाऐवजी शेजारच्या भाडेकरूला विचारलेले बरे.

विजेच्या बाबतीत वेगळे मीटर आहे की मालकाच्या सामाईक मीटरला जोडलेले सबमीटर, हा प्रश्न आधीच विचारावा. महावितरणचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जातो. म्हणून चार खोल्या एकाच मीटरवर असल्या की एकत्रित युनिट वरच्या टप्प्यात जातात आणि कमी वीज वापरणाऱ्यालाही चढ्या दराने पैसे मोजावे लागतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तोंडी व्यवहार किंवा केवळ नोटरी केलेला कागद. करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी आवश्यक असून, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात. ‘खर्च फार येतो’ असे म्हणून मालक टाळाटाळ करत असेल, तर त्याला हिशेब मांडून दाखवावा: ७,००० रुपये भाडे, २५,००० रुपये परतीचे डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत असेल, तर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क सुमारे २०० रुपये होते. नोंदणी शुल्क आणि एजंटचे पैसे वेगळे. ही नोंदणी ऑनलाइन, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते. एवढे सांगूनही मालक नकार देत असेल, तर ते घर सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याची पोचही मागून घ्यावी. तळेगाव आणि चाकण पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतात, तर सासवड पुणे ग्रामीण पोलिसांकडे.

करारावर सही करण्यापूर्वी लॉक-इनची मुदत (म्हणजे जिच्या आत घर सोडता येत नाही ती), नोटिशीचा कालावधी आणि मेंटेनन्स कोण भरणार, ही तीन कलमे सावकाश वाचावीत. लॉक-इन सहा महिन्यांचे असताना तिसऱ्या महिन्यात नोकरी बदलली, तर उरलेले भाडे मागितले जाऊ शकते.

डिपॉझिटवरून होणारे वाद बहुधा रंगकाम आणि मोडतोडीवरून होतात. राहायला जाताना भिंती, नळ, कडी-कोयंडे आणि मीटर रीडिंग यांची छायाचित्रे काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावीत, आणि डिपॉझिट रोख न देता बँकेतून द्यावे. घर सोडण्याची नोटीसही लेखी द्यावी. मालक परतफेड लांबवत असेल, तर करारातील कलम नमूद करून आणि मुदत घालून आधी लेखी मागणी करावी, त्यानंतर वकिलामार्फत नोटीस पाठवावी. रक्कम हाती येण्यापूर्वी ‘सर्व हिशेब पूर्ण झाला’ अशा कागदावर मात्र सही करू नये.