जुनी फियाट पुन्हा चालती करताय? मग या चुका टाळा

दर रविवारी कुठलं ना कुठलं पोरगं फोटो पाठवतं. लिंबाखाली उभी असलेली पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, टायर मातीत रुतलेले, बॉनेटवर कोंबडी, आणि खाली मेसेज, काका रंग कुठला मारू? अरे बाबा, गाडी हलतीय का ते सांग आधी. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, ती बातमी बघून बऱ्याच जणांना आजोबांची गाडी आठवली. चांगलंच आहे ते. वैताग एवढाच की सगळे त्याच त्या चुका करतात आणि मग माझ्या दारात येतात.

सगळ्यात महाग चूक म्हणजे वर्षानुवर्षं उभी गाडी थेट चालू करायला जाणं. मंगळवेढ्याकडच्या एका पोराने शेतातली फियाट घेतली, सहा वर्षं उभी. नवी बॅटरी लावली, दोन लिटर पेट्रोल ओतलं, सेल्फ मारला, इंजिन ढिम्म हललं नाही. मग याने काय करावं? चुलत्याचा ट्रॅक्टर आणला, दोर बांधला, चौथा गिअर टाकला आणि ओढली! मागची चाकं घासत गेली, मग आतून काहीतरी कडाडलं, आणि हा खूश, की सुटलं एकदाचं इंजिन. सुटलं नव्हतं, पिस्टनच्या रिंगा तुटल्या होत्या. इंजिनाचं हेड काढलं तर पिस्टन जिथं फिरतो त्या दोन बोअरला नखाने कळतील एवढ्या रेघा. रिबोअर, म्हणजे बोअर मोठं कापून घेणं, त्यात मोठे पिस्टन, सगळं आलं. "फक्त चालू होतीय का बघायलो होतो काका," म्हणतो.

मी काय करतो सांगतो, पुस्तकात असं असेलच असं नाही. चारी स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं निम्मं करून सोडायचं, आणि दोन-तीन दिवस गाडीकडे बघायचंसुद्धा नाही. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळू हलवायचं, थोडं पुढं, थोडं मागं. नाही हललं तर परत तेल, परत दोन दिवस. ज्याला आठवडाभर दम निघत नाही त्याने सेकंडहँड स्विफ्ट घ्यावी. टाकीतलं जुनं पेट्रोल मात्र काढून टाकाच, तळाला गंज आणि डिंकासारखा गाळ असतो, तो सगळा कार्बोरेटरमध्ये जातो.

दुसरी चूक, रंग आधी. जानेवारीतल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला मिरवायची म्हणून डिसेंबरात लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुटी, भरून रंग मारतात, आणि पहिल्या पावसाळ्यात दाराखाली फोड. फियाटला जीपसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, पत्रा हीच चासी, त्यामुळे दाराखालची पट्टी आणि फ्लोअर सडला असेल तर तो दिसण्याचा प्रश्न नाही, गाडीचा कणाच गेला. मी खिशात जुन्या स्पीकरचा लोहचुंबक फडक्यात गुंडाळून ठेवतो, जिथं चिकटत नाही तिथं आत नुसती लांबी. एका डेंटरने खालून टेकू न लावता दोन्ही बाजूंचा फ्लोअर एकदम कापला होता, गाडी मधून बसली आणि वेल्डिंग झाल्यावर चारपैकी तीन दारं लागेनात. ती गाडी माझीच होती, म्हणून जास्त बोलत नाही. एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी कापा.

नटबोल्ट एकाच बादलीत टाकू नका. मी चहाचे रिकामे डबे वापरतो, वर खडूने लिहितो. प्लगच्या वायरी काढायच्या आधी फोटो काढा, फियाटचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे प्लग पेटायचा क्रम, 1-3-4-2 आहे हे माहीत असूनही माणूस चुकतो.

अँबेसेडरवाल्यांनो, जुन्या बी सिरीज इंजिनाला इंची पाने लागतात. अर्धा इंच म्हणजे 12.7 एमएम, त्याला 13 चा पाना बसतो खरा, पण बारीकसा ढिला, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे तिथंच जातात.

ब्रेकमध्ये इंजिन ऑइल घालणारा अजूनही भेटतो. रबरं फुगतात आणि ब्रेक धरून बसतात. पुढं काही बोलत नाही.

आता आपल्या सोलापूरचं. बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये नको. बादलीला जो पांढरा थर बसतो तोच आत बसतो, आणि मग मे महिन्यात गाडी होटगी रोडवर वाफा सोडत उभी. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, बस. उन्हाळ्यात गाडी गरम होऊन मध्येच बंद पडली तर बहुतेक वेळा पेट्रोलची पाईपात वाफ झालेली असते, गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाका, रसवंती शोधा, थोड्या वेळाने चालू होते. बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारत बसू नका. आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, जुन्या रबरी पाईपांना आणि पंपाच्या पडद्याला ते झेपत नाही, ते बदलूनच टाका. पाईप सोलापुरात मिळतो, बाकी सुट्या सामानासाठी पुण्याचा जुना बाजार, बुधवारी नाहीतर रविवारी.

कागदं शेवटी बघू म्हणणारे पण खूप. पैसे द्यायच्या आधी आरसीवरचा चासी नंबर आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर जुळवा, आणि पत्राकामाला गाडी देताना तिथं ग्राइंडर लावू नको असं दोनदा सांगा. व्हिंटेजचे 2021 चे नियम पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीला आहेत, नव्या नोंदणीची फी 20 हजार, आणि ती गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. 1985 ची पद्मिनी घेऊन व्हिंटेजचा व्हीए नंबर मागायला जाऊ नका, तिचं साधं पाच-पाच वर्षांचं री-पासिंगच, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, होतं.