गावाहून नवी मुंबईत आलात? दुखण्याखुपण्याचं आधी ऐकून घ्या

1998 साली लग्न होऊन पाटण तालुक्यातून कोपरखैरण्यात आले. मालक तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. आता आमच्या गल्लीत गावाकडची तीन बिऱ्हाडं नवीन आलीत. खोली, पाणी, शाळा हे सगळं शेजारीपाजारी सांगतात. डॉक्टरचं मात्र अंगावर येईपर्यंत कुणी विचारत नाही, म्हणून हे लिहिते.

गावाकडं डॉक्टर म्हणजे घरचाच माणूस. नाडी धरता धरता पेरणी झाली का विचारणार, पैसे सुगीला दिले तरी चालणार. त्यांच्या हाताला गुण आहे असं आपण म्हणतो. तो गुण असतोच, कारण तुमच्या सासऱ्याचा दमा, जावेचं बाळंतपण सगळं त्यांना तोंडपाठ असतं. इथल्या डॉक्टरला तुमचं नावसुद्धा केसपेपरवर वाचून कळतं. दोन मिनिटं बघतो, रक्त-लघवी लिहून देतो, पुढचा नंबर. मला पहिल्या वर्षी फार राग यायचा. "हात तरी लावला का त्यानं?" म्हणून घरी येऊन रडलेसुद्धा. पण बाहेर पन्नास माणसं ताटकळत असतात, त्याचा नाइलाज असतो. गावच्या डॉक्टरच्या डोक्यात जे असतं, ते इथं तुम्हाला कागदावर न्यावं लागतं.

आमच्या हातून झालेली चूक सांगते. 2013 साली माझ्या धाकट्या दिराला महिनाभर खोकला होता. पहिल्या डॉक्टरच्या औषधानं चार दिवसांत गुण आला नाही, म्हणून दुसरा केला. मग कुणीतरी तिसरा सांगितला. तो गेल्या गेल्या सुई टोचायचा, सलाईन लावायचा, म्हणून आम्हाला तोच खरा वाटला. एकाचा कागद दुसऱ्याला दाखवला नाही. शेवटी पालिकेच्या दवाखान्यात बेडका तपासला आणि टीबी निघाला. तेव्हा गोळ्या एक दिवसाआड, टीबीच्या औषधाच्या केंद्रातल्या बाईंच्या समोर गिळायच्या असत. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंग भरलं, आणि हा यात्रेला म्हणून गावी गेला तो दीड महिना तिकडंच राहिला. "आता बरा झालायस, त्या गरम गोळ्या कशाला?" असं सगळेच म्हणाले. फोनवर मीही "राहू दे" म्हणाले. परत आला तो थुंकीतून रक्त घेऊन.

यावेळी नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी झाला होता. दोन वर्षं उपचार चालले, पहिले काही महिने रोज सुई. औषध सरकारी, फुकट, पण काम सुटलं, जमलेलं लग्न मोडलं आणि त्या सुयांनी कान अधू झाले. आज तो बरा आहे. जेवायला बोलवायचं तर मात्र जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागतो.

म्हणून हात जोडून सांगते, दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर बेडका तपासून घ्या. टीबी निघाला तर साधा असला तरी किमान सहा महिने गोळ्या, बरं वाटलं तरी. आता त्या रोजच्या असतात. खुराकासाठी महिन्याला 1,000 रुपये बँकेत जमा होतात. गावी जायचं झालं तर आधी केंद्रात सांगा, गोळ्या गावाकडच्या सरकारी दवाखान्यात चालू ठेवता येतात.

डॉक्टर एकच धरा. पाटीवर डिग्री आणि नोंदणी क्रमांक आहे का बघा. बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरही नोंदणीचे असतात, पण क्रमांकच नसेल तर पायरी चढू नका. सुई मागून घेऊ नका. आपली माणसं सुई दिली नाही तर पैसे वाया गेले म्हणतात, मला ते ऐकवत नाही. तपासणी लिहिली की "कमिशन खातो" हेही लगेच म्हणू नका. कुठं कुठं ते होतंही, पण पावसाळ्यातला मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो (उंदराची लघवी मिसळलेल्या पाण्यातून होणारा ताप) सुरुवातीला सारखेच दिसतात, रक्त बघितल्याशिवाय कुणालाच कळत नाही. साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर काही दिवसांत ताप आला तर तसं डॉक्टरला मुद्दाम सांगा. बायांनी अंगावरचं दुखणं लाजून दडवू नये, बाई डॉक्टर मागून घ्यावी.

मोठ्या दुखण्याला पालिकेची रुग्णालयं वाशी, नेरूळ, ऐरोलीत आहेत. सकाळी लवकर जा. कंपनीत पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर वाशीचं ईएसआय रुग्णालय तुमचंच आहे. अडीअडचणीला रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा.

रेशनकार्ड गावी पेटीत ठेवून येऊ नका! महात्मा फुले या मोफत उपचाराच्या सरकारी योजनेला ते दाखवावं लागतं. त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का, आधारवरच्या नावाशी जुळतात का, हे आजच बघा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस बसतो, भरती होतानाच त्याला गाठा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा गरिबांना मोफत आणि 10 टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. आपली माणसं विचारायला लाजतात आणि मंगळसूत्र गहाण टाकतात. हे मी तीन घरांत बघितलंय. विचारा.

जुन्या परकराच्या कापडाची मी एक पिशवी शिवलीय, दाराच्या आत खिळ्याला असते. प्रत्येकाचे केसपेपर, रिपोर्ट तारखेप्रमाणे, जुना कागद खाली. संपलेल्या गोळ्यांची पाकिटंही त्यातच. दवाखान्यात ही पिशवी उघडली की डॉक्टर खुर्ची पुढं ओढून वाचायला लागतो. गौरी-गणपतीला गावी जाताना एसटीत ती माझ्या मांडीवर असते.