एसएटीचा स्कोअर पाठवायचा की नाही?

एसएटी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशासाठीची परीक्षा. तिथल्या कॉलेजने ‘टेस्ट ऑप्शनल’ (स्कोअर देणं ऐच्छिक) म्हटलं, की स्कोअर पाठवावा का यावर घरात नुसता खल होतो. त्याऐवजी हे करा.

१. कॉलेजच्या नावापुढे ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेजने स्वतः जाहीर केलेली आकडेवारी) टाकून शोधा.
२. त्यातला ‘सी९’ भाग उघडा. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्के मुलांनी स्कोअर दिला, २५व्या आणि ७५व्या पर्सेंटाइलला किती गुण होते, सगळं तिथे मिळतं.
३. आपले गुण या दोन्हींच्या मध्यापेक्षा जास्त असतील तर निःशंक पाठवा. २५व्याच्याही खाली असतील तर माझ्या मते नकोच.

मात्र आधी कॉलेजच्या प्रवेश-पानावर यंदाचा नियम वाचा. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेश ठरवताना स्कोअर बघतच नाही.