श्पार्गेलसोबत ड्राय सिल्वानर कशी द्यावी

जर्मनीत वसंतात पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचा, म्हणजे श्पार्गेलचा, हंगाम सुरू होतो आणि २४ जूनला संपतो. या दिवसांत जेवायला बोलावलंत की कोणीतरी हमखास सांगतं, ‘कुठलीही ड्राय व्हाइट आण, चालेल.’ चालत नाही. श्पार्गेलमध्ये किंचित कडवटपणा आणि गंधकाचा वास असतो. ओकच्या नव्या पिंपात मुरलेली वाईन त्यापुढे कडू लागते, फार आंबट वाईन धातूसारखी. फ्रांकेन या जर्मन प्रदेशातली सिल्वानर, म्हणजे त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाईन, मात्र सांभाळून घेते, कारण तिचा आंबटपणा रिस्लिंग या दुसऱ्या द्राक्षाच्या वाईनपेक्षा मवाळ असतो आणि गंधात नासपतीबरोबर थोडी माती, थोडा पाला असतो. फ्रांकेनमधल्या कास्टेलला ही द्राक्षं १६५९ सालीच लावली होती. वुर्झबुर्गच्या आसपास माइन नदीकाठच्या चुनखडीच्या उतारांवर ती आजही डौलात पिकतात.

बाटली घेताना लेबलवर ‘ट्रोकन’, म्हणजे ड्राय, गोडी नसलेली, हा शब्द पाहा. कायद्याने ट्रोकन वाईनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते, पण फ्रांकेनची जुनी रीत ४ ग्रॅमच्या आतली. चपट्या, पोट असलेल्या बॉक्सबॉयटल बाटलीवर भाळू नका, ती नुसती घडण आहे. ‘हाल्बट्रोकन’ किंवा ‘फाइनहेर्ब’, म्हणजे किंचित गोड, असं लिहिलेली बाटली या जेवणाला नको.

श्पार्गेल टोकाखालून बुडाकडे सोला, चिवट बूड कापा. साली मीठ, चिमूटभर साखर आणि लोणी घातलेल्या पाण्यात उकळून गाळा, त्याच पाण्यात कोंब शिजवा. सुरी सहज आत गेली की काढा.

आता खरी मेख. मला याच टप्प्याशी सर्वांत जास्त झगडावं लागलं, कारण सगळे श्पार्गेलला वाईन जुळवायला सांगतात. जुळवायची असते ती सॉसला.

नुसतं वितळलेलं लोणी, नवे बटाटे आणि हॅम असेल तर १२ टक्के अल्कोहोलच्या आसपासची गुट्सवाईन, म्हणजे वाईनरीची साधी, मूळ बाटली, घ्या. इथे महागडी बाटली म्हणजे पैसे वाया, ती हॅमच्या नाजूक खारटपणावर स्वार होते. हॉलंडेझ सॉस असेल तर गोष्ट वेगळी. अंड्याचं पिवळं आणि लोणी जिभेवर थर धरतं, हलकी वाईन त्यात पाण्यासारखी हरवते. तिथे गावाच्या नावाची ओर्ट्सवाईन किंवा ट्रोकन श्पेटलेझे हवी, १३ टक्क्यांची, अंगाने भरलेली. ‘श्पेटलेझे’ म्हणजे गोडच असणार, ही समजूत सोडून द्या. तो शब्द द्राक्षाच्या पिकलेपणाचा आहे, गोडीचं उत्तर ‘ट्रोकन’ देतो. हॉलंडेझमध्ये लिंबू घालत असाल तर चाखत थेंबाथेंबाने घाला. सॉस वाईनपेक्षा आंबट झाला की वाईन पोकळ लागते, मग बाटली कितीही चांगली असो.

व्हिनेग्रेट, म्हणजे व्हिनेगर-तेलाचं ड्रेसिंग, तर मी या जोडीत ठेवतच नाही. व्हिनेगर सिल्वानरचा मऊपणा सपाट करून टाकतं. थंड श्पार्गेलचं सॅलडच करायचं ठरवलंत, तर व्हिनेगरच्या जागी श्पार्गेलचंच गाळलेलं पाणी, तेल आणि थोडीशी वाईन फेटून घाला.

वाईन ९ ते ११ अंशांवर द्या. फ्रीजमधून काढून १५ मिनिटं बाहेर ठेवली की पुरतं. बर्फगार सिल्वानरला गंधच उरत नाही.

श्पार्गेल नसताना हीच वाईन वाफवलेल्या ट्राउटबरोबर, व्हीनर श्निट्झेलबरोबर किंवा लोण्यात परतलेल्या मशरूमबरोबर बिनधास्त द्या. मिरचीच्या रश्शासोबत मात्र नको: अल्कोहोल तिखट आणखी पेटवतं आणि वाईनमध्ये गोडी नसल्याने जिभेला आधार मिळत नाही. त्या ताटाला जर्मनीतल्याच मोझेल प्रदेशाची थोडी गोड, कमी अल्कोहोलची रिस्लिंग काबिनेट (श्पेटलेझेपेक्षा हलका वर्ग) घ्या.

कोंब शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याचं क्रीम घालून सूप करा, आणि बूच लावून फ्रीजमध्ये ठेवलेली उरलेली सिल्वानर त्यासोबतच संपवा.